पाय आधी उचलायचा

रात्री सव्वाएकला शेवटची गाडी आत येते.
आवाज नाही. आधी टायरखालचे खडे बोलतात,
मग दाराचा सुस्कारा,
मग वहाबभाई फणसोपकर, हातात रिकामा डबा
आणि तोंडात एकच आकडा: "चौदा."

चौदा टक्के. ऑगस्टात दोह्याला एवढंच उरतं.
बाकीचं गारव्यानं खाल्लं,
नजम्यापासून कॉर्निशपर्यंत
दर थांब्याला दारातून रस्त्यावर सांडलेल्या गारव्यानं.

मी केबल ओढतो. मनगटाएवढी जाड,
दिवसभराचं ऊन अजून पोटात ठेवून बसलेली,
हातमोज्यातूनही चटका देते.
टक्. हिरवा दिवा.
चाळीस गाड्या, चाळीस दिवे.
दावणीला बांधल्यासारख्या दिसतात, मी फोनवर घरी सांगितलं,
तर आई म्हणाली, "आणि शेण कोण काढतं?"
धूळ, आई. इथे धूळ काढावी लागते.

सत्तावीस नंबर तेवढी हायब्रिड उरली आहे.
सिग्नलला मुकी,
उड्डाणपुलाच्या चढाला एकदम खोकते,
झोपेतून उठवलेल्या वॉचमनसारखी.
ओटिएनोला तीच हवी असते. "निदान बोलते तरी."
मी एकदा म्हणालो, ही आपल्यासारखीच,
अर्धी इथली, अर्धी तिथली.
वहाबभाईंनी चहा फुंकता फुंकता वर पाहिलं.
"गाडीला गाडी राहू दे रे.
तिला ना पगार, ना सुट्टी,
वर आपलं ओझं कशाला?"

ते पूर्वी एसटीत होते. राजापूर आगार.
अणुस्कुऱ्याच्या घाटात धुकं उतरलं
की कानानं गाडी चालवायचे:
कुठल्या वळणाला इंजिन कण्हतं, कुठे दुसरा टाकायचा,
कुठे नुसतं बिस्मिल्ला म्हणायचं.
इथे पहिला महिनाभर कान बसून राहिले,
बदली होऊन आलेल्या आणि टेबल न मिळालेल्या कारकुनासारखे.

इथे स्क्रीन मार्क देते.
करकचून ब्रेक, वजा. हिसका, वजा.
कंट्रोलमधली मारिसेल नाव घेत नाही, नंबर घेते,
पण महिनाअखेरीला पहिला नंबर वहाबभाईंचा असतो.
टेक बहादूरनं विचारलं, कसं जमतं?
"पाय आधी उचलायचा.
थांबा दिसल्यावर नाही. थांबा आठवल्यावर."
मग गाडी आपसूक मंदावते
आणि चाकांतून थोडी वीज माघारी येते.
थोडीच. धावताना गेली त्याच्या मानानं
हिशेबात धरू नये इतकी.
ते धरतात.

मे महिन्यात गावी जाऊन आले. आठ वर्षांत तिसऱ्यांदा.
मेहुण्याची रिक्षा घेऊन बाजाराला निघाले,
मागे रुकय्याभाभी, धाकटी सानिया, दोन फणस.
उतार लागला. सवयीनं वेग सोडला
आणि नजर गेली हँडलच्या खाली, डावीकडे:
किती भरली?
तिथे एक गंजलेला स्क्रू होता.
मागून भाभी हसल्या, "काय शोधताय?"

त्यांनी काहीतरी सांगून वेळ मारली.
खरं सांगितलं ते मला, काल रात्री,
केबल लावून झाल्यावर.
"तीन आठवडे नुसता उतार होता रे.
काहीतरी भरलंच असेल, नाही?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
चौदाचे सोळा झाले होते. मग सतरा.
म्हटलं, साडेचारपर्यंत होईल.
"बरं," म्हणाले, आणि डबा धुवायला गेले.

रात्री दीडलाही इथे नळाला गरम पाणी येतं.
ते गार होईल म्हणून
त्यांनी नळ थोडा वेळ सोडून ठेवला.
मग काही आठवल्यासारखा
बंद केला.